चारही चाकांची जुनी मोटार : घ्यावी कीं न घ्यावी ?

आमच्या मंडळाच्या सभासदांपैकीं कित्येकांनीं गेल्या पावसाळ्यापासून आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. तो असा कीं, ज्या मोटारीच्या चारही चाकांस इंजिनाची शक्ति पोंचते व जिच्या इंजिनास टर्बो लावलेला आहे, अशी एखादी वापरलेली मोटार निम्म्याहून कमी किंमतींत मिळत असेल, तर ती शेतकऱ्यानें घ्यावी कीं न घ्यावी ? वरवर पाहतां प्रश्न हौशीचा वाटतो, पण तसा तो नाहीं. जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांत ज्यांचीं शेतें डांबरी रस्त्यापासून आंत, काळ्या जमिनींत आहेत, त्यांच्या पायाखालीं हा प्रश्न पावसाळ्याचे चार महिने रोज येतो. आम्हांसही तो पडला. आम्हीं गाडी पाहिली, तपासली, हिशेब मांडला आणि एका निर्णयास आलों. तो सर्व विचार वाचकांपुढें ठेवावा, म्हणजे ज्याचा त्यास आपला निर्णय करणें सोपें जाईल, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न कोठून उत्पन्न झाला

आमचें शेत अमळनेर तालुक्यांत बोरी नदीच्या कांठीं आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर तेथपर्यंत सुमारें दोन किलोमीटर गाडरस्ता लागतो. उन्हाळ्यांत त्यावरून कोणतीही मोटार सुखानें जाते. एकदां पाऊस लागला कीं बैलगाडीचीं चाकेंही आंसापर्यंत रुततात. दोन वर्षांपूर्वीं श्रावण महिन्यांत, रात्रीं, आमच्या सालदारास खळ्यावर सर्पदंश झाला. गांवांतून मोटार निघाली, ती गाडरस्त्याच्या तोंडाशींच अडली. शेवटीं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर काढला, दोघांनीं त्यास मधें धरून बसविलें व डांबरीवर आणलें. तेथून मोटारीनें रुग्णालयांत नेलें. प्रतिविष वेळेवर मिळालें आणि तो वांचला. परंतु त्या दोन किलोमीटरांस पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास आमच्या घरांतील कोणीही विसरलेलें नाहीं.

दसऱ्याच्या सुमारास आमच्या चिरंजीवांनीं विषय काढला. धुळ्यास एक गाडी विकावयाची होती : आठ वर्षांची, डिझेलवर चालणारी, टर्बो असलेली, चारही चाकांस शक्ति देणारी, मागणी साडेपांच लाख रुपये. “ही दारांत असती, तर पाऊण तासाचे दहा मिनिटें झालीं असतीं,” हें त्यांचें म्हणणें. त्यांत भावना होती, आणि ती योग्यच होती. पण ज्या भावनेनें वस्तु घ्यावयाची ती वस्तु तें काम खरोखर करील कीं नाहीं, हें पाहणें वडील माणसाचें काम आहे. म्हणून प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं.

यंत्र काय करतें व काय करीत नाहीं

साध्या मोटारींत इंजिनाची शक्ति दोनच चाकांस मिळते. त्या दोन चाकांच्या मधें डिफरन्शियल नांवाची दांतेरी चाकांची पेटी असते. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावें लागतें, म्हणून ती आवश्यक आहे. तिचा दोष असा कीं, एक चाक चिखलांत निसटूं लागलें कीं सारी गति त्यालाच मिळते व कोरड्यावरील चाक उभेंच राहतें. चारही चाकांस शक्ति दिली म्हणजे मागचें निसटलें तरी पुढचें ओढतें, पुढचें निसटलें तरी मागचें ढकलतें. एवढाच या योजनेचा गाभा आहे.

परंतु अशा गाड्या दोन जातींच्या असतात, व घेणारा पुष्कळदां येथेंच फसतो. पहिली जात जीपची. दुसऱ्या महायुद्धांत या गाडीनें नांव मिळविलें व युद्ध संपल्यावर महिंद्रा कंपनीनें विलीज जीप आपल्या देशांत जोडण्यास आरंभ केला. त्याच परंपरेंतील थार ही गाडी २०१० सालीं निघाली व तिचा नवा नमुना २०२० सालीं आला. या जातींत चालक स्वतः दांडा टाकून पुढचीं चाकें जोडतो, आणि त्याशिवाय एक ‘लो’ गिअर असतो, ज्यानें गाडी बैलाच्या चालीनें पण मोठ्या जोरानें चढते. कोरड्या डांबरीवर मात्र या गाड्या चार चाकांवर चालवूं नयेत; पुढचीं व मागचीं चाकें वळणावर सारखें अंतर तोडीत नसल्यामुळें गिअरांस पीळ पडतो.

दुसरी जात घरगुती मोटारीची. २०११ सालीं आलेल्या एक्स.यू.व्ही. ५०० चा एक प्रकार व २०१४ सालीं आपल्या देशांत विक्रीस आलेला डस्टरचा चार चाकी शक्तीचा प्रकार हीं या जातीचीं उदाहरणें होत. यांत पुढचीं चाकें नेहमीं चालतात आणि तीं निसटूं लागलीं म्हणजे विजेच्या आज्ञेनें चालणारा एक क्लच मागच्या चाकांस शक्ति देतो. डांबरी रस्त्यावर, पावसांत, घाटांत ही योजना सुखाची आहे. पण खोल चिखलांत तीं चाकें फार वेळ निसटत राहिलीं तर हा क्लच तापतो व स्वतःस वांचविण्यासाठीं शक्ति तोडतो. शिवाय ‘लो’ गिअर या जातींत बहुधा नसतो.

आणखी एक सूचना. एकाच नांवाची गाडी दोन चाकांचीही असते व चार चाकांचीही. स्कॉर्पिओ रस्त्यावर पुष्कळ दिसतात, पण त्यांतील बहुतेक दोन चाकांच्याच. थारचाही केवळ मागच्या चाकांस शक्ति देणारा प्रकार २०२३ पासून विकला जाऊं लागला. म्हणून नांवावर न जातां खालीं वांकून मागचा व पुढचा दोन्ही दांडे पाहावे, आणि नोंदणीपुस्तकांतील प्रकार वाचावा.

तसेंच हें ध्यानांत ठेवावें कीं, चारही चाकांची शक्ति गाडी पुढें नेण्यास उपयोगी पडते, थांबविण्यास नाहीं. ब्रेक साध्या मोटारीसही चारही चाकांस असतात. ओल्या उतारावर चार चाकांच्या भरंवशावर वेग ठेवणारा चालक साध्या मोटारीच्या सावध चालकापेक्षां अधिक धोक्यांत असतो. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असतां तर कोणतीही मोटार घालूं नये. हवेच्या नळींतून इंजिनांत पाणी शिरलें कीं दट्ट्या पाणी दाबूं शकत नाहीं, दांडा वांकतो आणि इंजिन एका क्षणांत निकामी होतें.

आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव

या गाड्यांचीं वर्णनें ज्या देशांत लिहिलीं जातात तेथें बर्फ असतें, वाळू असते, दगड असतो. आपल्याकडे तापी, गिरणा, बोरी व पांझरा यांच्या खोऱ्यांत काळी चिकण माती आहे. ती पाणी पितांच फुगते व वाळतांना भेगाळते. ओली असतांना ती टायरास अशी चिकटते कीं, दोन फेऱ्यांत टायराच्या साऱ्या खांचा भरून तो गुळगुळीत होतो. मग दोन चाकें फिरलीं काय आणि चार फिरलीं काय, सर्व जागच्या जागींच फिरतात. दोन चाकांची मोटार जेथें अडकते, तेथून शंभर पावलें पुढें चार चाकांची अडकते. आणि ती अधिक आंत अडकल्यामुळें ओढून काढावयास ट्रॅक्टरासही अधिक कष्ट पडतात.

ट्रॅक्टर कां जातो, हें पाहिलें म्हणजे गोष्ट उघड होते. त्याचें मागचें चाक उंच असतें, त्यावरील रबराच्या धारा खोल व तिरप्या असतात, व त्यांतील चिखल फिरतांना गळून पडतो. मोटारीस खास चिखलाचे टायर लावले व हवा थोडी कमी केली तर तिलाही कांहीं लाभ होतो. पण असे टायर डांबरीवर आवाज करतात, लवकर झिजतात व डिझेल अधिक खातात.

शेतकऱ्यास वाफसा म्हणजे काय हें सांगावयास नको. वाफशाआधीं पाळी घातली तर ढेकळें निघतात. वाफशाआधीं गाडरस्त्यावर मोटार घातली तर फूट-फूट खोल चाकोऱ्या पडतात. त्यांत पुढच्या पावसाचें पाणी सांचतें आणि तो रस्ता शेजाऱ्यांच्या बैलगाड्यांसही बंद होतो. आपली मोटार निघाली, पण सात जणांची वाट मोडली, हा व्यवहार शहाण्या शेतकऱ्यास शोभणारा नाहीं.

उलट, जेथें जमीन मुरुमाड, रेताड किंवा खडकाळ आहे तेथें ही गाडी आपलें मोल पुरेपूर देते. सातपुड्याच्या पायथ्याशीं शिरपूर, चोपडें, यावल व रावेर या तालुक्यांच्या उत्तर भागांत, पाल गांवाच्या बाजूस, तसेंच साक्री तालुक्यांतील डोंगराळ पट्ट्यांत चढ दगडी आहेत व नाल्यांच्या पात्रांत वाळू आहे. तेथें पाऊस थांबून पाणी ओसरलें कीं चार चाकांची गाडी निघते, साधी निघत नाहीं. त्या भागांतील बंधूंनीं पुढील मजकूर वाचतांना हा भेद मनांत ठेवावा.

टर्बोची निगा

टर्बो म्हणजे इंजिनांतून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी एक लहान चक्की. तिच्या एका अंगास धूर लागतो. त्याच आंसावरील दुसऱ्या अंगाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतो. हवा अधिक, म्हणून डिझेल अधिक जाळतां येतें व लहान इंजिन मोठ्याचें काम करतें. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरानें या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. आज ट्रकांपासून कित्येक ट्रॅक्टरांपर्यंत टर्बो सर्वत्र आहे, तेव्हां त्यास भिण्याचें कारण नाहीं. पण त्याचा स्वभाव जाणला पाहिजे.

या चक्कीचा आंस मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो, व तो केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून तेल हेंच टर्बोचें जीवन होय. ठरलेल्या अंतरावर, सांगितलेल्या जातीचेंच तेल बदलावें. गाडी सुरू केल्यावर पहिलें मिनिटभर जोर देऊं नये, आणि महामार्गावर लांब पळवून आल्यावर इंजिन एकाएकीं बंद न करितां मिनिट-दोन मिनिटें संथ चालूं द्यावें, म्हणजे तापलेला आंस तेलानें निवतो. दुसरी गोष्ट हवेची. चैत्र-वैशाखांत आपल्या गाडरस्त्यांवर पीठासारखी धूळ उडते. हवेची जाळी फाटकी किंवा सैल असेल तर ती धूळ पंख्यास कानशीसारखी घासते. तिसरी गोष्ट उष्म्याची. जळगांव-भुसावळकडे उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. अशा दिवसांत रेडिएटर व दाबलेली हवा थंड करणारी जाळी धुळीनें व काडीकचऱ्यानें बुजलेली असेल तर इंजिन तापतें व जोरही कमी होतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांस आणखी एक दक्षता लागते. नव्या धूर-नियमांमुळें त्यांच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी जाळी असते. ती जाळी स्वच्छ होण्यासाठीं गाडी मधून मधून लांब व सलग पळवावी लागते. गांव ते शेत, शेत ते गांव एवढ्याच फेऱ्या करणाऱ्याची जाळी तुंबते. कांहीं गाड्यांस युरियाचें एक शुद्ध द्रावणही घालावें लागतें. तेथें शेतांतला युरिया पाण्यांत कालवून घालणें म्हणजे गाडीचा नाश करणें होय.

जुनी गाडी पारखण्याची रीत

सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा घेणारा काय करतो ? दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चालवून पाहतो, आणि घाई करणाऱ्या विक्रेत्याजवळून दूर होतो. मोटारीसही हीच रीत लागू आहे.

गाडी रात्रभर उभी असतां, इंजिन थंड असतांनाच पाहावयास जावें. तापवून ठेवलेलें इंजिन आपले दोष लपवितें. सुरू करतांच निळसर धूर आला तर तेल जळत आहे. त्याचें कारण टर्बो किंवा इंजिन झिजणें. जोर देतांना दाट काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल अधिक. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाहीं तर आंत पाणी शिरत असल्याचा संशय घ्यावा. टर्बोची मंद शीळ ऐकूं येणें स्वाभाविक आहे. पण भोंग्यासारखा चढता आवाज किंवा घासल्याचा आवाज वाईट. हवेची रबरी नळी मिस्त्रीकडून सोडवून आंत तेल सांचलें आहे का व पंख्याचा आंस हलतो का हें पाहावें.

चारही चाकांच्या गाडीस टायरांची तपासणी विशेष महत्त्वाची आहे. चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे व सारखे झिजलेले असावेत. दोन नवे व दोन जुने असले तर त्यांचे घेर भिन्न होतात, आणि चाकें जोडणारा क्लच किंवा गिअरपेटी सतत पीळ सोसते. अशी गाडी वर्ष-दोन वर्षें चाललेली असेल तर दोष बाहेर दिसत नाहीं, पण आंत घडलेला असतो. मोकळ्या, ओल्या मातीच्या जागीं मागचीं चाकें खरोखर जोडलीं जातात कीं नाहीं हें प्रत्यक्ष पाहावें. रिकाम्या आवारांत पूर्ण वळण घेऊन हळू चालवावें. झटके किंवा कटकट आवाज आला तर सांधे झिजले आहेत असें समजावें.

पुराच्या पाण्यांत बुडालेल्या गाड्या रंगवून दूरच्या बाजारांत येतात. २००५ सालीं मुंबईस, २००६ सालीं आपल्याच तापीच्या पुरानें सुरतेस, व २०१५ सालीं चेन्नईस गाड्या मोठ्या संख्येनें बुडाल्या होत्या, आणि पूर तर दरवर्षीं कोठें ना कोठें येतातच. गालिचा उचलून खालीं गाळ आहे का, बैठकीच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आहेत का, दिव्यांच्या कांचेंत वाफ आहे का, हें अवश्य पाहावें. चाललेले किलोमीटर दाखविणाऱ्या आंकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवूं नये. क्लचच्या पायटीचें रबर, सुकाणूची झीज व दुरुस्तीचीं जुनीं बिलें यांची साक्ष घ्यावी.

कागदपत्रें : गाडीचा सातबारा

सातबारा न पाहतां कोणी जमीन घेत नाहीं. गाडीचेंही तसेंच आहे. नोंदणीपुस्तकांतील चासिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं ताडून पाहावे. त्यावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला व नमुना ३५ घेऊन तो आधीं उतरवावा. मालकी बदलण्यास नमुना २९ व ३० लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें एकाच राज्यांतील विक्रीची खबर विकणाऱ्यानें चौदा दिवसांत द्यावयाची असते, व घेणाऱ्यानें तीस दिवसांत नोंद करून घ्यावयाची असते. कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन गाडी वर्षानुवर्षें पहिल्याच मालकाच्या नांवें फिरविणें हें दोघांसही घातक आहे. अपघात झाला तर विमा व नुकसानभरपाई यांचे वाद उभे राहतात. दंडाच्या थकलेल्या पावत्याही तपासाव्या.

गाडी परप्रांतांतील असेल तर तिकडील ना हरकत दाखला व येथील कर हे दोन्ही आपल्या माथीं येतात. दिल्ली परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ती कायम केली. त्यानंतर तिकडील पुष्कळ गाड्या स्वस्तांत इतर प्रांतांत विकल्या गेल्या. स्वस्ताईचें कारण एवढेंच असेल तर चिंता नाहीं. पण करासहित किंमत मोजल्यावर ती स्वस्ताई किती उरते हें पाहावें. गाडीच्या पहिल्या नोंदणीस पंधरा वर्षें झालीं म्हणजे पुन्हां तपासणी, नूतनीकरण व पर्यावरण कर येतो, हेंही वयाच्या हिशेबांत धरावें.

आमचा हिशेब

धुळ्याची गाडी आम्हीं या रीतीनें पाहिली. इंजिन चांगलें होतें, कागद सरळ होते. टायर मात्र दोन नवे व दोन जुने होते, आणि पूर्ण वळणावर खालून कटकट ऐकूं येत होती. तरीही आम्हीं हिशेब मांडला. किंमत ५,५०,००० रुपये, चार टायर ३६,०००, इंजिनाचा पट्टा, तेलें व जाळ्या २५,०००, विमा व नांवबदल ३०,०००, एकूण ६,४१,०००. पांच वर्षांनीं ती अडीच लाखांस विकली जाईल असें धरलें तर वर्षास घट ७८,२०० रुपये. गुंतलेल्या पैशाचें व्याज सरासरीनें ४०,०००. विमा व दुरुस्ती ४५,०००. डिझेल न धरतां वर्षाचा खर्च १,६३,२०० रुपये. यांत टर्बो किंवा चाकें जोडणारी पेटी बिघडण्याचा प्रसंग धरलेला नाहीं.

आतां दिवस. शेतकामाची रोजनिशी आम्ही पुष्कळ वर्षें ठेवतों. तिच्यावरून पाहतां त्या पावसाळ्यांत जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांपैकीं ३१ दिवस घरची साधी मोटार शेतापर्यंत जाऊं शकली नव्हती. त्यांपैकीं १२ दिवस चिखल वरवरचा होता. त्या दिवशीं चार चाकांची गाडी गेली असती. उरलेले १९ दिवस ट्रॅक्टराशिवाय गति नव्हती, आणि सर्पदंशाची रात्र त्या १९ पैकींच होती. १,६३,२०० रुपयांस १२ दिवस, म्हणजे दिवसास १३,६०० रुपये. आणि ज्या रात्रीसाठीं गाडी घ्यावयाची त्या रात्रीं ती अडकलीच असती. ज्याच्या घरीं मुळींच मोटार नाहीं व जो एकच गाडी सर्व कामांस घेणार आहे, त्याचा हिशेब अर्थात् वेगळा होईल. त्यानें खर्च वर्षाच्या सर्व दिवसांवर वांटावा.

एवढ्यानेंही चिरंजीवांचें समाधान झालें नव्हतें. तें सालदाराच्या एका वाक्यानें झालें. आमचें बोलणें तो ओट्याखालीं बसून ऐकत होता. तो म्हणाला, “आप्पा, गाडी ते गावमां ऱ्हाई; मी ते वावरमां ऱ्हास.” गाडी गांवांत राहणार आणि तो शेतांत राहणार, हें आम्हां शिकल्या-सवरलेल्यांच्या हिशेबांत आलेंच नव्हतें. गाडी आली तरी ती काढणारा घरीं असला पाहिजे, जागा असला पाहिजे, गांवांत असला पाहिजे. रस्ता मात्र कोणाची वाट पाहत नाहीं.

आम्हीं काय केलें

गाडी आम्हीं घेतली नाहीं. त्या गाडरस्त्यावर आमच्यासह सात खातेदार आहेत. दिवाळीनंतर सर्वांस एकत्र बसविलें. दोन किलोमीटरांपैकीं खरोखर वाईट असा भाग सुमारें २,३०० फुटांचाच होता. दहा फूट रुंदी व आठ इंच जाडी धरली तर सुमारें १५,३०० घनफूट, म्हणजे १५३ ब्रास मुरूम लागतो. तहसील कचेरींतून परवानगी घेतली व स्वामित्वधन भरलें. आधीं दोन्ही अंगांस चर काढले, वरची लोण्यासारखी माती खरडून काढली, मग मुरूम टाकून मध्यें उंच व कडांस उतरता असा तो दाबून घेतला. चर न काढतां टाकलेला मुरूम एका पावसाळ्यांत काळी जमीन गिळून टाकते, हा अनुभव खानदेशांत सर्वांस आहे. एकूण खर्च सव्वादोन लाख रुपये झाला. तो एकरांच्या प्रमाणांत वांटला, व आमच्या वांट्यास बासष्ट हजार आले. गेल्या पावसाळ्यांत घरची साधी मोटार सहाच दिवस अडली.

एका खातेदाराची हद्दीच्या जागेविषयीं तक्रार होती, ती बसून मिटली. न मिटती तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखालीं अडविलेली वाट मोकळी करून घेण्यास व १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खालीं बांधावरून वाट मागण्यास तहसीलदाराकडे जातां येतें. तसेंच २०२१ सालीं राज्यशासनानें मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना मंजूर केली. तिच्याविषयीं ग्रामपंचायतींत चौकशी करून, ज्यांस पदरचा खर्च झेपत नाहीं त्यांनीं आपल्या रस्त्याचें नांव आराखड्यांत घालण्याची खटपट करावी.

तात्पर्य

ज्यांचीं शेतें दगडी चढावर किंवा वाळूच्या नाल्यापलीकडे आहेत, ज्यांस वर्षांतून चाळीस-पन्नास दिवस अशा गाडीचें खरें काम पडतें, त्यांनीं ती अवश्य घ्यावी. मात्र दांड्यानें चाकें जोडण्याची व ‘लो’ गिअरची घ्यावी, जिचे सुटे भाग व जाणते मिस्त्री जळगांव-धुळ्यास मिळतात अशीच घ्यावी, आणि किंमतीचा पांचवा भाग दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवून घ्यावी. दुर्मिळ जातीची गाडी स्वस्त मिळते याचें कारणच हें कीं, तिचा एक भाग येण्यास महिना लागतो. ज्यांचें शेत काळ्या जमिनींत आहे, त्यांनीं मात्र गाडी पाहावयास जाण्यापूर्वीं वही उघडून अडलेले दिवस मोजावे, आणि त्या वाटेवरील शेजाऱ्यांस एकदां ओट्यावर बोलवावें.

आमचा सालदार अद्याप त्याच खळ्यावर राहतो. गेल्या भाद्रपदांत मध्यरात्रीं त्याच्या सुनेस कळा सुरू झाल्या, तेव्हां आम्ही परगांवीं होतों. त्यानें शेजाऱ्याच्या मुलास फोन केला. तो मुलगा आपली साधीच मोटार घेऊन मुरुमाच्या वाटेनें खळ्यापर्यंत गेला व तिला घेऊन निघाला. आम्हांस हें सकाळीं कळलें, नात झाल्याच्या बातमीबरोबर.